नहपानाच्या चेहऱ्यावरचा डोंगर

महाराष्ट्रातील प्राचीन नाणी जमवणारी चार माणसे एकत्र आली आणि ‘तुमचे सर्वांत आवडते नाणे कोणते?’ असा विषय निघाला, की एका नाण्याचे नाव हटकून येते. हे नाणे सोन्याचे नाही. ते फारसे दुर्मिळही नाही. देखणे तर मुळीच नाही. चांदीचा, सुमारे दोन ग्रॅम वजनाचा, करंगळीच्या नखापेक्षा थोडा मोठा असा तो तुकडा असतो. त्यावर एका माणसाचा चेहरा असतो आणि त्या चेहऱ्याच्या गालावर, नाकावर, कधी थेट डोळ्यावर तीन कमानींचा एक डोंगर उमटलेला असतो. चेहरा क्षहरात क्षत्रप नहपानाचा आहे आणि डोंगर गौतमीपुत्र सातकर्णीचा. पराभूत राजाची नाणी न वितळवता विजेत्याने त्यांवर आपला ठसा मारला आणि ती पुन्हा व्यवहारात आणली. एका नाण्यावर दोन राजे, दोन वंश आणि त्यांच्यामधले एक युद्ध! संग्राहकाला याहून अधिक काय हवे?

हे आकर्षण समजण्यासारखे आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाला तर ते विशेष जवळचे वाटावे. खरवडलेल्या जुन्या अक्षरांवर नवी अक्षरे लिहिलेली हस्तलिखिते आपण ऐकून असतो, तसाच हा धातूवरचा प्रकार. परंतु या नाण्याची खरी किंमत त्याच्यावरच्या दोन ठशांत जितकी आहे, त्याहून अधिक ते कुठे, कोणासोबत आणि किती संख्येने सापडले यात आहे, असे मला वाटते. संग्रहातले आवडते नाणे आणि इतिहासाला बोलते करणारे नाणे यांत नेमके काय अंतर आहे, हे याच नाण्याच्या आधारे पाहता येईल.

प्रथम मूळ नाणे पाहू. दर्शनी बाजूस उजवीकडे पाहणारा राजाचा मुखवटा आणि भोवती ग्रीक अक्षरे आहेत. मागील बाजूस बाण आणि वज्र ही चिन्हे असून त्यांच्याभोवती ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिप्यांत लेख आहे. ब्राह्मी डावीकडून उजवीकडे जाते, खरोष्ठी उजवीकडून डावीकडे. लिप्या तीन असल्या तरी भाषा मात्र एकच आहे. ‘राञो क्षहरातस नहपानस’, म्हणजे क्षहरात राजा नहपानाचे, हाच प्राकृत मजकूर तिन्ही लिप्यांत आहे. ग्रीक अक्षरांतही ग्रीक भाषा नाही. प्राकृतच त्या परक्या अक्षरांत बसवलेले आहे. भडोचच्या बाजारात जुनी ग्रीक द्रम्मे परिचित होती. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात, अपोलोडोटस आणि मिनँडर यांची जुनी नाणी तेथे अजून चालत असल्याची नोंद आहे. अशा बाजारात नव्या नाण्याला पत मिळवायची तर त्याने जुन्या, विश्वासाच्या नाण्यासारखे दिसले पाहिजे. नहपानाच्या नाण्यावरील ग्रीक अक्षरे वाचण्यासाठी किती होती आणि ओळखीची खूण म्हणून किती होती, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे. आपल्या भाषेतील ‘दाम’ हा शब्दही त्याच ‘द्रम्म’चा वंशज आहे. राजे गेले, लिप्या विसरल्या गेल्या, पण बाजारातला शब्द टिकला.

या नाण्यावर गौतमीपुत्राने जो ठसा मारला, त्यात एका बाजूस तीन कमानींचा डोंगर (अभ्यासक त्याला चैत्य असेही म्हणतात), त्याखाली नागमोडी रेघ आणि भोवती ‘राञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’ हा लेख आहे. दुसऱ्या बाजूस क्रॉसच्या चार टोकांना वर्तुळे असलेले, उज्जयिनी चिन्ह म्हणून ओळखले जाणारे चिन्ह आहे. या ठशात राजाचा चेहरा नाही, ग्रीक नाही आणि खरोष्ठीही नाही. मात्र ठसा घाईने मारल्यामुळे जुने पुरते पुसले गेलेले नाही. डोंगराच्या कडेने नहपानाचे नाक दिसते, ब्राह्मीच्या दोन अक्षरांमधून एखादे ग्रीक अक्षर डोकावते.

या राजकीय उलथापालथीचा दुसरा पुरावा आपल्या मावळातच, दगडावर आहे. लोणावळ्याच्या परिसरातील औंढे, मळवली, भाजे, कार्ले ही गावे ज्या मावळात मोडतात, त्या मावळाचे नाव कार्ल्याच्या लेण्यातील लेखांत ‘मामाल’ असे येते आणि कार्ल्याच्या विहारसमूहाचे नाव ‘वलूरक’ असे येते. येथील एका लेखानुसार दिनीकाचा पुत्र आणि नहपानाचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याने वलूरकाच्या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षुसंघाला ‘करजिक’ नावाचे गाव दान दिले. त्याच लेण्यात दुसरा एक लेख आहे. तो मामालातील अमात्याला दिलेली राजाज्ञा आहे. त्यात हेच गाव, ‘करजक’ या नावाने, वलूरकाच्या भिक्षूंना दिल्याचे सांगितले आहे आणि त्याला मिळणाऱ्या सवलतीही नोंदल्या आहेत. राजपुरुषांनी तेथे प्रवेश करू नये, मिठासाठी जमीन खणू नये, इत्यादी. या लेखातील राजाचे नाव झिजून गेले आहे, पण बहुतेक अभ्यासक ही आज्ञा गौतमीपुत्र सातकर्णीची मानतात. नाशिकच्या लेण्यातही त्याच्या अठराव्या राज्यवर्षातील अशीच एक आज्ञा आहे. पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले शेत तेथील भिक्षूंना देण्याविषयी ती आहे.

हे दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचले, की नाण्यावरचा डोंगर वेगळ्या प्रकाशात दिसू लागतो. गाव तेच, भिक्षू तेच, सवलतीही बहुधा त्याच. बदलला तो देणारा. जिंकलेल्या प्रदेशातील दान रद्द केले तर संघ दुखावणार, आणि चालू ठेवले तर पुण्य शत्रूच्या नावावर राहणार. यावरचा उपाय म्हणजे तेच दान आपल्या नावाने पुन्हा देणे. चांदीबाबतही पेच हाच होता. नाणी बाद केली तर व्यापारी आणि सावकार बुडणार, तशीच चालू दिली तर शत्रूचा चेहरा रोज हातोहात फिरणार. तेव्हा तीच चांदी आपल्या नावाने पुन्हा चलनात आणणे शहाणपणाचे होते. करजक हे गाव म्हणजे एक पुनर्मुद्रांकित नाणेच आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये. फरक इतकाच, की दगडावरचा जुना लेख कोणी खरवडला नाही. दोन्ही दाते आज एकाच लेण्यात नांदतात.

या नाण्यांनी प्रत्यक्ष व्यवहार कसा चाले, याचा तपशील नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताच्या लेखात मिळतो. त्याने ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. २,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक आणि १,००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचे. वर्षावासासाठी लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी मिळावेत, अशी योजना होती. हिशेब करून पाहावा. २,००० वर दरमहा २०, वर्षाला २४०. आणि २० भिक्षूंना प्रत्येकी १२ म्हणजे २४०. हिशेब एका कार्षापणानेही चुकत नाही. त्याच लेखात ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण असेही सांगितले आहे, म्हणजे एका सुवर्णाला ३५ कार्षापण. आता कल्पना करावी, की गोवर्धनच्या त्या श्रेणीच्या पेटीत नहपानाचा चेहरा असलेली नाणी आहेत आणि एके दिवशी राज्य बदलल्याची वार्ता येते. विणकरांना कोणता राजा हवा होता हे कोणी नोंदवलेले नाही. पण पेटीतली चांदी उद्या चालणार की नाही, हा प्रश्न त्यांना नक्की पडला असणार. डोंगराचा ठसा हे या प्रश्नाचे उत्तर होते.

एक पुनर्मुद्रांकित नाणे आपल्याला एवढे सांगते, की नहपानानंतर गौतमीपुत्र आला. ही माहिती महत्त्वाची आहे, पण अपुरी आहे. ‘नंतर’ म्हणजे किती नंतर? लगेच की दोन पिढ्यांनी? नहपानाची जुनी नाणी त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे बाजारात फिरत राहिली आणि मग गौतमीपुत्राने त्यांवर ठसा मारला, असेही होऊ शकले असते. हातातले एकटे नाणे याचे उत्तर देऊ शकत नाही.

उत्तर मिळाले ते १९०६ साली, नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे सापडलेल्या निधीमुळे. त्यात १३,२५० हून अधिक चांदीची नाणी होती. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती तपासली आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात १९०८ साली त्यांचे विवेचन प्रसिद्ध केले. सारी नाणी मुळात नहपानाचीच होती. त्यांतील सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा होता, म्हणजे दर दहांपैकी सातांवर. उरलेली तीन जशीच्या तशी होती. आणि, सर्वांत बोलका पुरावा म्हणजे, नहपान आणि गौतमीपुत्र यांच्यामधल्या कोणा तिसऱ्या राजाचे एकही नाणे त्या ढिगात नव्हते. मध्ये आणखी कोणी क्षहरात राज्य करून गेला असता, तर तेरा हजार नाण्यांत त्याचा मागमूस लागला नसता, हे संभवत नाही. गौतमीपुत्राने प्रत्यक्ष नहपानाची किंवा अगदी त्याच्या पाठोपाठची सत्ता संपवली, या निष्कर्षाला भक्कम पाया मिळाला तो असा. गौतमी बलश्रीच्या नाशिक येथील लेखात आपल्या पुत्राने खखरात वंशाचा उच्छेद केल्याचा जो अभिमान व्यक्त झाला आहे, तो केवळ मातेचा अभिमान नव्हता, हे या चांदीने सिद्ध केले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. हा निष्कर्ष एखाद्या नाण्यावर जे ‘आहे’ त्यावर उभा नाही. तो संपूर्ण निधीत जे ‘नाही’ त्यावर उभा आहे. अभाव हा पुरावा ठरायचा, तर ढीग अखंड असावा लागतो. समजा, त्या तेरा हजारांतील नाणी स्कॉट यांच्यापर्यंत पोहोचण्याआधीच सराफांच्या मुशीत आणि हौशी मंडळींच्या डब्यांत गेली असती. मग आज प्रत्येक संग्राहकाजवळ एक सुंदर नाणे असते, आणि इतिहासाजवळ काहीच नसते. पुढे ती नाणी अनेक संग्रहालयांत आणि संग्रहांत विखुरली हे खरे. पण ती आधी मोजली गेली होती, लिहिली गेली होती.

संख्येमुळे आणखी एक गोष्ट दिसली. स्कॉट यांना नहपानाचे चेहरे एकमेकांशी जुळेनात. कुठे तरुण, कुठे वृद्ध. कुठे सरळ नाक, कुठे बाकदार. हे एकाच माणसाचे वार्धक्य नसून त्याच्या कुटुंबातील निरनिराळ्या व्यक्तींचे चेहरे एकाच नावाखाली उमटवले असावेत, अशी शंका त्यांनी मांडली. कारागिरांच्या हातांचा फरक, असेही उत्तर देता येईल. वाद काहीही असो, एकच आवडते नाणे भिंगाखाली धरून बसलेल्या माणसाला हा प्रश्न पडणेच शक्य नव्हते.

नाण्यांवरील लेखांचे वाचनही असेच सामूहिक असते. ठसा मोठा आणि धातूचा तुकडा लहान असल्यामुळे एका नाण्यावर सबंध लेख क्वचितच उमटतो. एकावर ‘गोतमि’ मिळते, दुसऱ्यावर ‘पुतस सिरि’, तिसऱ्यावर ‘सातकणिस’. पूर्ण लेख हा बहुतेक वेळा कोणत्याही एका नाण्यावर नसतो. तो अनेक नाण्यांवरून अभ्यासकाने जुळवलेला असतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांना ही पद्धत परकी वाटू नये. पुण्याच्या भांडारकर संस्थेने अनेक पोथ्यांचे पाठ ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण केली, तिचे तत्त्व हेच होते. पोथी कोणत्या प्रांतातली, कोणत्या लिपीतली, कोणत्या परंपरेतली हे ठाऊक नसेल, तर तिच्यातील पाठभेदाला वजन देता येत नाही. प्राप्तिस्थान हरवलेले नाणे म्हणजे शेवटचे पान आणि लेखनिकाचे नाव फाटलेली पोथी. ती वाचता येते, पण कशाशी ताडावी ते कळत नाही.

उलट, प्राप्तिस्थान ठाऊक असेल तर एकटे नाणेही पुष्कळ बोलते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली सोपारा येथील स्तूप उघडला, तेव्हा आतील अवशेषांसोबत यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. सातवाहनांची चांदीची मुखवटा असलेली नाणी हा संग्राहकांच्या आवडीचा दुसरा विषय. त्यांच्या एका बाजूस ‘-स’ या षष्ठीच्या प्रत्ययाचे प्राकृत असते. दुसऱ्या बाजूस ‘-कु’ प्रत्ययाची, पुत्रासाठी ‘मकन’ असा शब्द वापरणारी एक दाक्षिणात्य भाषा. तिला नेमके कोणते नाव द्यावे याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. शत्रूच्या नाण्यांवर डोंगर उठवणाऱ्या वंशाने पुढे त्याच शत्रूच्या धर्तीवर राजाचा चेहरा असलेली चांदी पाडली, हाही इतिहासाचा एक विनोदच. पण सोपाऱ्याचे ते नाणे केवळ भाषेसाठी महत्त्वाचे नाही. ते स्तूपाच्या गर्भात होते, म्हणून त्या स्तूपातील ती ठेव यज्ञ सातकर्णीच्या आधीची असू शकत नाही, हे त्याने सांगितले. तेच नाणे बाजारातून विकत घेतले असते तर ते फक्त सुंदर राहिले असते.

भगवानलाल स्वतः संग्राहकच होते, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. जुनागढहून मुंबईला येऊन डॉ. भाऊ दाजींकडे काम केलेल्या या पंडिताने देशभर भटकंती करून लेखांचे ठसे घेतले, नाणी जमवली. १८८८ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या नाण्यांचा संग्रह मृत्युपत्रानुसार ब्रिटिश म्युझियमला गेला आणि पश्चिमी क्षत्रपांच्या नाण्यांवरील त्यांचा लेख रॅप्सन यांच्या संपादनाने १८९० साली प्रसिद्ध झाला. त्याच रॅप्सन यांची १९०८ सालची आंध्र व पश्चिमी क्षत्रप नाण्यांची सूची आजही अभ्यासकाच्या हाताशी असते. विदर्भातील तऱ्हाळे येथे १९३९ साली मिळालेल्या सातवाहनांच्या मिश्रधातूच्या नाण्यांच्या निधीचा अभ्यास वा. वि. मिराशी यांनी केला. त्यातून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी यांसारखे, पुराणांच्या वंशावळींत नसलेले राजे उजेडात आले. पुढे परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकाराने नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली. म्हणजे हौस आणि विद्या यांत मुळात वैर नाही. हौसेने लिहून ठेवले की तिची विद्या होते.

मग अडते कुठे? काही अंशी कायद्यात. १८७८ चा निखात निधीविषयक कायदा सांगतो, की दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवले पाहिजे. शासनाला तो घ्यायचा असेल तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा अधिक देऊन घेता येतो. म्हणजे गोतमिपुताचा लेख, नहपानाचे नाक आणि ढिगातील सहवास या सर्वांची मिळून किंमत चांदीच्या एकपंचमांश! नांगराला मडके लागलेल्या शेतकऱ्याने ते कळवण्याऐवजी रातोरात सराफाकडे न्यावे, यात नवल नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांच्या निर्यातीवर बंधन आणले, पण मडके फुटण्याचा क्षण त्याच्या कक्षेबाहेरच राहिला. त्या क्षणानंतर नाणी हातोहात जातात आणि प्रत्येक हातात थोडी थोडी माहिती गळते. शेवटच्या हातात नाणे स्वच्छ घासलेले, प्लॅस्टिकच्या पाकिटात, किमतीच्या चिठ्ठीसह येते. चिठ्ठीवर गावाचे नाव नसते. आज इंटरनेटवरील लिलावांत नाण्यांची छायाचित्रे इतकी उत्तम असतात, की अक्षर न् अक्षर वाचता येते; पण ‘कुठे सापडले’ या रकान्यात बहुधा काहीच नसते.

कोणी म्हणेल, नहपानाचा प्रश्न तर १९०८ मध्येच सुटला. आता या काळजीचे कारण काय? कारण तो सुटलेला नाही. जुन्नरच्या लेखात नहपानाच्या अयम नावाच्या अमात्याने दिलेले ४६ हे वर्ष शकसंवताचे धरले, तर नहपान इ. स. १२४ पर्यंत येतो. जो क्रिब यांच्यासारखे नाणकतज्ज्ञ मात्र ही राज्यवर्षे मानून त्याला पहिल्या शतकात मागे नेतात. ‘पेरिप्लस’मध्ये येणारे राजाचे नाव नहपानाचेच मानले तर तेही या मताला पुष्टी देते. अर्धशतकाचा हा फरक किरकोळ नाही. त्याच्या पाठीमागे कार्ल्याच्या चैत्याचा काळ, तेथे स्तंभ दान करणाऱ्या धेनुकाकटाच्या यवनांचा काळ आणि बोरघाटातून चालणाऱ्या व्यापाराचा काळ, सारेच सरकतात. स्कॉट यांना हा वाद ठाऊक नव्हता. तरीही त्यांनी मोजून ठेवलेल्या आकड्यांकडे प्रत्येक पक्षाला पुन्हा जावे लागते. चांगल्या नोंदीचे लक्षण हेच, की नोंद करणाऱ्याला न सुचलेल्या प्रश्नांनाही ती उपयोगी पडते.

म्हणून संग्राहकांनी आपल्या आवडत्या नाण्याबद्दल बोलताना आणखी चार गोष्टी सांगाव्यात: त्याचे वजन, दोन्ही बाजूंचे छायाचित्र, ते कोणाकडून आले, आणि विक्रेत्याने सांगितलेले गाव, मग ती नुसती ऐकीव माहिती का असेना, मात्र ती ऐकीव आहे असे त्यावर लिहिलेले असावे. एकत्र सापडलेली नाणी शक्यतो एकत्र राहावीत. ते जमले नाही तर निदान त्यांची यादी एकत्र राहावी. करजक गाव पुन्हा दान देणाऱ्या राजाचे नाव कार्ल्याच्या दगडावरून झिजून गेले, तरी त्यात मामाल आणि वलूरक ही नावे शिल्लक राहिली. त्या दोन स्थळनामांच्या बळावरच आपण तो लेख मावळाचा म्हणून वाचू शकतो. राजाचे नाव हरवले तर ते दुसरीकडून जुळवता येते. गावाचे नाव हरवले, की ते जुळवण्यासाठी हाताशी काहीच उरत नाही.